श्रीरंगचं ‘ग्रँड’

श्रीरंग गेल्याचं त्याच्या बायकोने, मृणालने, फोन करून सांगितलं, तेव्हा मी आयर्लंडमधल्या ॲडम्सटाउनच्या जवळजवळ रिकाम्या फलाटावर कामावर जायच्या गाडीची वाट पाहत होतो. गाडी आली, दारं उघडली, मिटली आणि गेली. मी होतो तिथेच उभा. पोटात दुखतंय म्हणून नाताळच्या आधी डॉक्टरकडे गेलेला माणूस फेब्रुवारी संपायच्या आत नाहीसा झाला... टाळेबंदीमुळे अंत्यविधीला मोजक्याच माणसांना परवानगी, त्यामुळे आम्ही बाकीचे आपापल्या घरी लॅपटॉपसमोर बसलो. मधेच चित्र अडकलं आणि गुरुजींचा वर उचललेला हात कितीतरी वेळ तसाच राहिला. त्या दिवशी मी मनापासून रडलो. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे लिहिणार आहे त्यात मी चिडलेला आहे आणि ती चीड अजून उतरलेली नाही.

आमची ओळख पुण्यातल्या इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलवरची. मी दोन परीक्षांपुरता तबला शिकून सोडलेला, आणि तो साठच्या दशकातल्या ब्रिटिश रॉक बँडच्या ड्रमरांनी झपाटलेला. गायक कोण, गिटार कोणाची, याचं त्याला सोयरसुतक नव्हतं. कॅसेट मागेपुढे करून तो मला एकच तुकडा वीस वेळा ऐकवायचा. ‘ऐक, हा लचका तोडायला निघाल्यासारखा तुटून पडतो. हा दुसरा बघ, सुटाबुटातला, जाझवाला, हळूच मारतो पण घड्याळ चुकेल, हा नाही चुकणार. आणि हा तिसरा... अव्या, हा ठोका किंचित उशिरा टाकतो, म्हणून गाणं झुलतं.’ मेसच्या टेबलावर चमचे घेऊन तो तिघांचे तीन प्रकार वाजवून दाखवायचा आणि डोळे मिटूनही ते वेगळे ओळखू यायचे. ताल म्हणजे मात्रा मोजणं नव्हे, ताल हा माणसाचा स्वभाव असतो, हे मला तबल्याच्या मास्तरांनी नाही, श्रीरंगने शिकवलं.

पुढे तो आयर्लंडला आला, मग त्याच्या सांगण्यावरून मीही आलो. तो सिटीवेस्टच्या अपार्टमेंटमध्ये, तिथे ड्रम वाजवले तर शेजारी पोलीस बोलावतील. माझ्या घरामागे शेड होती. त्याने हौसेने घेतलेला जुना ड्रमसेट माझ्या शेडमध्ये आला आणि आम्हा चार मराठी माणसांचा शनिवारचा बँड सुरू झाला. गिटार धरायला कोणी नव्हतं. श्रीरंग म्हणाला, ‘मी गिटार घेतो, तू ड्रम्सवर बस.’ मी म्हटलं, ‘अरे, सेट तुझा, हात तुझा.’ तर म्हणे, ‘बस रे, येईल तुला.’ स्टुलाच्या नळीवर स्वतःच्या उंचीची खूण म्हणून त्याने काळी चिकटपट्टी लावली होती. मी त्याच्यापेक्षा बुटका. दर शनिवारी मी स्टूल दोन बोटं खाली घ्यायचो आणि जाताना तो ते पुन्हा पट्टीपर्यंत वर करून ठेवायचा.

एकदा शेडमध्ये चहा पिताना आमचं कडाक्याचं वाजलं होतं. त्या काळी लंडनच्या स्टुडिओंत सर्रास असं चालायचं की कव्हरवर फोटो बँडच्या ड्रमरचा आणि तबकडीवर हात मात्र रेकॉर्ड कंपनीने बोलावलेल्या कसलेल्या वादकाचा. श्रीरंगला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. ‘गाणं चांगलं झालं ना? मग?’ मी म्हटलं, ‘आणि काठ्या मांडीवर ठेवून बसलेल्या त्या बिचाऱ्याचं काय?’ तो खांदे उडवून म्हणाला, ‘त्याला माहीत असायचं रे. समोरच बसलेला असायचा.’

मग टाळेबंदी आली. पाच किलोमीटरच्या पुढे जायचं नाही, आणि सिटीवेस्ट त्याहून लांब. श्रीरंगने तोडगा काढला: प्रत्येकाने आपापल्या घरी वाजवून मोबाइलवर चित्रित करायचं, त्याला पाठवायचं, तो लॅपटॉपवर सगळं जोडणार. मी शेडमध्ये थंडीत कुडकुडत वाजवायचो, पाठवायचो आणि त्याचं उत्तर यायचं, एकच शब्द: ‘ग्रँड.’ आपल्याकडे ग्रँड म्हणजे थाटामाटाचं, ग्रँड लग्न, ग्रँड उद्घाटन. आयर्लंडमध्ये ग्रँड म्हणजे ठीक, चालेल. चहा कसा झालाय, ग्रँड. बस चुकली, ग्रँड, पुढची येईल. दोन्ही अर्थ मला पक्के ठाऊक होते. पण दोन पुणेकरांमधला शब्द आहे, तो पुण्याच्याच अर्थाने घ्यायचा, असं मी ठरवून टाकलं आणि त्याला कधी विचारलं नाही.

एकूण सात गाणी झाली, ती आम्ही इंटरनेटवर टाकली. पहिल्या सहांना घरच्या-दारच्या सगळ्यांनी डोक्यावर घेतलं, त्यातही माझ्या ड्रम्सना. पुण्याहून भाऊ म्हणाला, ‘अव्या, तू एवढा कधी तयार झालास?’ मलाही माझं वाजवणं भलतंच नेटकं वाटायचं. श्रीरंग म्हणायचा, ‘थोडी साफसफाई केलीय.’ हल्ली सॉफ्टवेअर काय वाटेल ते करतं, म्हणून मी खूश. तिसऱ्या गाण्यातला तुकडा कसा वाजवला, हे मी ऑफिसातल्या एका पोराला अर्धा तास समजावून सांगितलं, आता आठवलं की कान तापतात. सातवं गाणं जानेवारीतलं, तो अंथरुणाला खिळल्यावरचं. त्याच्याखाली ड्रम्सबद्दल कोणी चकार शब्द लिहिला नाही. मला वाटलं, लोक काळजीत आहेत.

मार्चअखेर इथल्या मराठी मंडळाने त्याच्यासाठी ऑनलाइन कार्यक्रम ठरवला. सगळ्यांचा एकच आग्रह: तिसऱ्या गाण्यातला तो तुकडा अविनाशने एकट्याने वाजवावा. मूळ ध्वनिफिती श्रीरंगच्या लॅपटॉपवर होत्या, म्हणून त्याच्या मुलीशी, रेवाशी, व्हिडिओ कॉलवर बोललो. ती सतरा वर्षांची, मराठी सगळं कळतं, उत्तरं मात्र तिथल्या इंग्रजीत. मी म्हटलं, ‘रेवा, तिसऱ्या गाण्यातले माझे ड्रम्स तेवढे पाठव ग.’ ती गोंधळली. ‘युअर्स ऑर द रिअल वन्स?’ आणि मग तिला कळलं की मला माहीत नाहीये. ‘इट वॉज ऑल्वेज डॅड ऑन द ड्रम्स, काका... आय थॉट यू न्यू.’

मग तिने सगळं सांगितलं. त्यांच्या अपार्टमेंटच्या मागच्या खोलीत रबरी पॅडचा इलेक्ट्रॉनिक सेट, त्यावर श्रीरंग, कानाला हेडफोन, समोर पडद्यावर माझा व्हिडिओ. माझ्या हातांवर नजर ठेवून, माझ्याच जागा, माझ्याच खोडी, फक्त वेळेवर. सहा गाणी त्याने अशी वाजवली. सातव्याच्या वेळी त्याच्याने बसवत नव्हतं, म्हणून तेवढं माझं राहिलं. मृणालने मागाहून फोन घेतला. ‘मी दर वेळी त्याला म्हणायचे, अविनाशला सांगून टाक. तो म्हणायचा, सांगितलं तर अव्या वाजवायचं सोडून देईल.’

सोडलं असतं? कदाचित सोडलं असतं. पण तो निर्णय माझा होता. लंडनचा तो ड्रमर निदान समोर बसलेला असायचा, हे त्यानेच मला सांगितलं होतं. मला कोणी बसवलं नाही. मला टाळ्या दिल्या आणि त्या मी दोन्ही हातांनी घेतल्या. तीस वर्षं जुन्या मित्राला मी तोंडावर खरं ऐकू शकणार नाही असं वाटावं, हे मला लागलं. आणि आता भांडायचं तर कोणाशी? मेलेल्या माणसासमोर दर वेळी आपलाच आवाज चढतो आणि आपणच ओशाळतो. आठवडाभर मी शेडचं कुलूप काढलं नाही.

कार्यक्रमाला नाही म्हणणं सोपं होतं. त्याचाच तुकडा लावून, वर हात हलवून मोकळं होणं त्याहून सोपं. शेवटी शेडमध्ये गेलो. स्टूल काळ्या पट्टीवर होतं, लॉकडाउनच्या आधीच्या शनिवारी त्याने वर करून ठेवलं होतं तसंच. वर्षभर एकटा वाजवतानाही मी जाताना ते पट्टीपर्यंत नेऊन ठेवत आलो होतो, सवयीने. दोन बोटं खाली घेतलं. तुकडा वाजवला. चौथ्या फेरीत डावा हात मागे पडला, तो नेहमीच पडतो. मोबाइलवरचं ते चित्रण जसंच्या तसं रेवाला पाठवलं आणि लिहिलं, ‘यातला एकही ठोका बदलू नकोस. कार्यक्रमात मी सगळ्यांना सांगणार आहे की आधीचे ड्रम्स तुझ्या बाबाचे होते.’

थोड्या वेळाने तिचं उत्तर आलं: ‘ग्रँड, काका.’

या वेळी मी विचारलं. ‘कुठल्या अर्थाने?’

‘जस्ट द नॉर्मल वन.’

म्हणजे ठीक. चालेल. मी ते वाचलं, स्टूल पट्टीपर्यंत वर केलं आणि शेड बंद केली. एवढंसंच होतं, श्रीरंग... एवढं मी ऐकून घेतलं असतं.