समोरच्या खिडकीचा रिमोट

आमचे बाबा टीव्ही मेकॅनिक. टीव्ही बंद झाला की खूश होणारा मेकॅनिक जगात हा एकच असेल. रिमोट हरवला की लोक सगळ्या टीव्हींना चालणारा नवा रिमोट आणून बाबांना घरी बोलावत. बाबा सेटचं बटण दाबून धरत, लाल दिवा लागला की पाठ असलेले आकडे एकेक करून घालत, आणि टीव्ही फट्‌कन बंद झाला की म्हणत, “जमलं!”

समोरच्या काकूचा रिमोट लावून दिला तेव्हा तोच आकडा त्यांनी गुपचूप आमच्या जुन्या रिमोटमध्येही घातला. गल्ली इतकी अरुंद, की आमच्या खिडकीतून काकूचा टीव्ही बंद व्हायचा. माझ्या अभ्यासाच्या वेळी तिच्या मालिकेचा आवाज चढला, की बाबा नेम धरून बटण दाबत. लगेच हाक यायची, “भावोजी, पाचच मिनिटं हो!” बाबा गालातल्या गालात हसत आणि टीव्ही परत चालू करून देत. माझा अभ्यास गेला खड्ड्यात!

बाबा गेल्यावर तीन महिन्यांनी मी त्यांचा खण आवरत होते. चिकटपट्टी गुंडाळलेला तो रिमोट हाती लागला. सेल संपलेत का बघावं म्हणून खिडकीकडे धरून बटण दाबलं. समोरची मालिका थांबली.

“भावोजी, पाचच मिनिटं हो!” काकू सवयीनं ओरडली.

मी पुन्हा बटण दाबलं आणि तिला तिची पाच मिनिटं दिली.