लेणी थांबतील, बायका थांबत नाहीत!

आमच्या समितीला अधिकार नव्हते, बजेट नव्हतं, ऑफिस नव्हतं. चहा मात्र होता! आणि जिथे चहा असतो तिथे किस्से साठतातच. मीटिंगचं इतिवृत्त मी लिहायचो, ते मुंबईला सरकारकडे जायचं. इतिवृत्तात जे लिहिता यायचं नाही, ते आमच्यापाशी राहायचं. आता साठ-सत्तरच्या दशकातल्या त्या फायली कुठे असतील कोण जाणे, पण न लिहिलेलं सगळं अजून जसंच्या तसं आहे.

जळगाव आणि धुळे, दोन्ही जिल्ह्यांची मिळून ही पर्यटन समिती. काम एकच. आपल्या भागात प्रवासी यावेत म्हणून सरकारने आधी काय करावं, पैसा कशावर घालावा, हे सुचवायचं. अध्यक्ष नाना, जळगावचे वकील. मोतीशेठ धान्याचे व्यापारी, मूळचे मारवाडकडचे, आजोबांनी बांधलेली धर्मशाळा सांभाळायचे. अक्कांची जळगाव स्टेशनसमोर खानावळ. धुळ्याकडून आबा, शेतकरी माणूस, गावचे माजी सरपंच. आणि मी हायस्कूलात भूगोल शिकवायचो, म्हणून सचिव!

पहिल्याच मीटिंगला मी शाळेच्या फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं, ‘प्राधान्यक्रम’.

मोतीशेठ बराच वेळ त्या शब्दाकडे बघत बसले. मग म्हणाले, “मास्तर, यात धान्य दिसतंय. मग हा विषय आमच्याकडे द्या!”

नानांना वातानुकूलित हॉटेल हवं होतं. आबांना गडाला रस्ता हवा होता. मोतीशेठना धर्मशाळेत पलंग हवे होते. प्रत्येकाचं म्हणणं, आपलं पहिलं! आवाज चढले. नाना टेबलावर मूठ आपटून म्हणाले, “अहो, जगप्रसिद्ध अजिंठ्याची लेणी पाहायला लोक आपल्या स्टेशनवर उतरतात. त्यांना शोभेल असं काहीतरी भव्य मागा!”

अक्कांनी हातातला कप खाली ठेवला. त्या म्हणाल्या, “आधी बायकांसाठी संडास मागा.”

सगळे खाली बघायला लागले. नाना घसा साफ करत म्हणाले, “अक्का, ते होईल हो नंतर. जरा थांबायला काय हरकत आहे?”

“नाना, लेणी दोन हजार वर्षं थांबली, अजून थांबतील. बायकांना थांबता येत नाही!”

मी फळ्यावर एक नंबरला काय लिहिलं, ते सांगायला नको.

* * *

आमच्या शिफारशी घेऊन नाना, मोतीशेठ आणि मी मुंबईला गेलो. तिथल्या साहेबांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि पहिलाच वार केला. “पण लेणी तर औरंगाबाद जिल्ह्यात आहेत. तुम्हाला पैसे कशाबद्दल?”

मी फाईलमध्ये डोकं घातलं. कारण मुद्दा खरा होता. भूगोलाच्या मास्तराला तर तो फारच नीट ठाऊक होता.

नाना शांत. कोर्टात उभे राहावं तसे उभे राहिले. “साहेब, गंगा हिमालयात उगम पावते. म्हणून काशीला घाट बांधायचा नाही का?”

साहेब हसले. हसता हसता सही केली! स्टेशनसमोरच्या चौकात पर्यटकांसाठी केंद्र मंजूर झालं, माहितीची खिडकी आणि त्याला लागून अक्कांची एक नंबरची मागणी.

आम्ही परत येऊन हा प्रसंग चार ठिकाणी सांगितला आणि टांगेवाल्यांनी त्या केंद्राचं नावच ‘घाट’ ठेवलं. पुढे ते सुरू झाल्यावर एकदा खुद्द बनारसचा एक प्रवासी खिडकीशी येऊन गंभीरपणे विचारत होता, “भाईसाब, यहाँ नदी किधर है?”

* * *

सरकारी विश्रामगृहासाठी जागा पाहायला एक अधिकारी आले. कधी? मे महिन्यात! आमच्याकडच्या मे महिन्यात कावळासुद्धा कामाशिवाय उडत नाही.

साहेब गाडीतून उतरले तेच कातावलेले. “अहो, या भट्टीत पर्यटक येणार कशाला? पाहण्यासारखं आहे काय तुमच्याकडे?”

नानांनी तोंड उघडलं, पण मोतीशेठनी त्यांना कोपराने ढोसलं आणि साहेबांना थेट रावेरकडे नेलं, ओळखीच्या एका बागायतदाराच्या केळीच्या मळ्यात.

आत शिरलो आणि ऊन बाहेरच राहिलं. वर पानांचं छप्पर, खाली पाटाचं पाणी. साहेबांनी आधी टोपी काढली, मग बूट काढले, मग मोजे. पाय पाटात सोडून बसले. मी फाईल उघडली, तर म्हणाले, “मीटिंग इथेच घेऊ.” मी पहिला मुद्दा वाचला. दुसरा वाचला. तिसऱ्याला साहेब घोरायला लागले!

उन्हं कलल्यावर उठले. बागायतदार मोठा मिश्किल. म्हणाला, “साहेब, पाहण्यासारखं काही सापडलं का आमच्याकडे?”

साहेब मोजे शोधत म्हणाले, “पाहण्यासारखं काय आहे ते कळलं नाही बुवा, डोळे मिटलेले होते. पण डोळे मिटण्यासारखं आहे!”

त्यांच्या रिपोर्टात लिहून आलं, ‘विश्रामगृह केळीच्या बागांलगतच बांधावे.’ आणि ते तसंच बांधलं गेलं!

* * *

मोतीशेठच्या धर्मशाळेची गोष्ट वेगळी. योजनेत मदत होती ती ‘प्रवासी निवास’ बांधणाऱ्यांना. धार्मिक वास्तूला छदामही नाही. नाना म्हणाले, “शेठ, पाटी बदला, काम होईल.”

मोतीशेठ आठवडाभर अस्वस्थ होते. दुकानात गिऱ्हाईक समोर उभं राहिलं तरी लक्ष नसायचं. आजोबा मारवाडातून पायी आले होते. वाटेत ज्यांनी ज्यांनी ओसरी दिली, त्यांचं ऋण म्हणून ही धर्मशाळा बांधली होती. “दादाजींनी लिहिलेलं अक्षर मी कसं पुसू, नाना?”

पुसलं नाही. तपासणीला एक साहेब आले तेव्हा स्टेशनकडच्या बाजूला चकचकीत नवी पाटी होती, ‘प्रवासी निवास’. साहेब खूश! पण माणूस पक्का. इमारतीला फेरी मारून मागच्या गल्लीत गेले. तिथे जुनी पाटी, नवा रंग दिलेली, ‘धर्मशाळा’.

“शेठजी, हे नक्की काय आहे? धर्मशाळा की प्रवासी निवास?”

मोतीशेठनी हात जोडले. “साहेब, सामनेसे सरकारची, पीछेसे देवाची. मुसाफिर तर बीचमेंच राहतो!”

पलंग मंजूर!

* * *

मग आलं खाण्याचं. पर्यटकांसाठी मान्यताप्राप्त उपाहारगृह व्हायचं तर मेनू ‘कॉन्टिनेंटल’ हवा, असं तपासणीला आलेल्या एका गृहस्थांनी अक्कांना सुनावलं.

“म्हणजे काय हो भाऊ?” अक्कांनी विचारलं.

“म्हणजे परदेशी लोक खातात ते.”

“बरं,” अक्का म्हणाल्या. “उद्या दुपारी या.”

हिवाळ्याचे दिवस. दुसऱ्या दिवशी हे गृहस्थ आले, तेव्हा खानावळीत एक फ्रेंच जोडपं बसलं होतं. सकाळच्या गाडीने उतरलेलं, मोतीशेठकडे सामान टाकून भुकेल्या पोटी आलेलं. अक्कांनी त्यांच्या पुढ्यात वांग्याचं भरीत वाढलं होतं, तुऱ्हाट्यांवर, तुरीच्या वाळक्या काड्यांवर भाजलेल्या वांग्यांचं. सोबत ज्वारी-उडदाच्या पिठाची, कळण्याची भाकरी आणि कांद्याची पात. बाई बोटं चाटत होत्या. पुरुषाने तिसऱ्यांदा ताट पुढे केलं होतं.

अक्का तपासनिसांना म्हणाल्या, “हे लोक परदेशी आहेत ना?”

“हो.”

“खातायत ना?”

“खातायत.”

“मग झालं हे कॉन्टिनेंटल! लिहा!”

बिचाऱ्याने लिहिलं. आधी स्वतः एक भाकरी खाल्ली, आणि मग लिहिलं.

* * *

स्टेशनसमोरचं केंद्र बांधून झालं. आता उद्घाटन! मुंबईहून मोठे पाहुणे बोलावले. निमंत्रणपत्रिकेवर नानांनी शिताफीने ‘महिला पर्यटक सुविधा कक्ष’ असं छापलं होतं. पाहुणे लांबून मोटारीने आले, सोबत त्यांच्या पत्नी. हार झाले, बँड वाजला. पाहुणे ऐटीत फितीपाशी गेले, कात्री उचलली आणि दारावरचं बाईचं चित्र पाहून थबकले.

“वकीलसाहेब, हा कक्ष म्हणजे…?”

“तेच साहेब,” नाना हळूच म्हणाले.

पाहुण्यांचा चेहरा पडला. “मी याची फीत कापू? उद्या पेपरात फोटो येईल!”

बँड थांबला. कात्री हवेत. शेदोनशे माणूस टक लावून बघतंय. मला वाटलं, संपलं सगळं. इतक्या वर्षांची धडपड आता हशात जाणार!

तेवढ्यात बाईसाहेब पुढे झाल्या. धुळीने माखलेल्या, सकाळपासून मोटारीत बसलेल्या. त्यांनी नवऱ्याच्या हातातून कात्री घेतली, कचकन फीत कापली, सरळ आत गेल्या आणि आतून कडी लावली!

मग अक्कांनी पहिली टाळी वाजवली, आणि तिच्यामागे सगळ्या चौकाने! पाहुणेसुद्धा हसत सुटले. एवढं खणखणीत उद्घाटन महाराष्ट्रात दुसरं झालं नसेल.

* * *

आता आबांचा गड.

आबांच्या गावाला खेटून एक जुना गड आहे. वर देवीचं ठाणं, दगडी टाकं, आणि तटावरून निम्मा तालुका दिसतो. पण डांबरी सडकेपासून गावात यायचं तर वाट नाल्यातून. आबा दर मीटिंगला रस्ता मागायचे. वरून दर वेळी तेच उत्तर यायचं, “तिथे पर्यटक येत नाहीत, मग रस्ता कशाला?” आबा म्हणायचे, “रस्ता नहीं, ते पर्यटक येतीन कसा?” वर्षानुवर्षं हेच.

शेवटी एक तरुण अधिकारी आले. सरळ माणूस. म्हणाले, “आबा, मी एक दिवस स्वतः येऊन बसतो. गडावर कोण येतं ते डोळ्यांनी पाहतो.” दिवस ठरला.

आम्ही त्यांच्याबरोबर जीपने निघालो. सडकेवर जीप सोडून नाल्यातून चालत गेलो. गावात शिरतो तर काय, गडाच्या पायथ्याशी मांडव! ताशे वाजतायत, बैलगाड्या सुटलेल्या, आणि फेटा बांधलेले आबा आमच्या स्वागताला उभे. त्यांच्या धाकट्या लेकीचं लग्न होतं. वऱ्हाड धरणगावचं, पलीकडच्या जळगाव जिल्ह्यातलं.

लग्नाचा मुहूर्त आधी ठरला होता की साहेबांचा दौरा, हे आबांनी आम्हाला शेवटपर्यंत सांगितलं नाही.

अक्षता पडल्या. नवरा-नवरी देवीच्या दर्शनाला गड चढू लागले आणि सगळं वऱ्हाड त्यांच्यामागे निघालं. म्हाताऱ्या, लेकरं, नवरदेवाचे मित्र, ताशेवाले, सगळे! साहेबांनी कपाळाला हात लावला. “आबा, यांना पर्यटक म्हणायचं?”

“साहेब, बठ्ठा धरणगावना शेतस. गड कोन्हीच देखेल नहीं! इचारा त्यास्ले.”

सगळे धरणगावचे आणि गड कोणीच पाहिलेला नाही, हे ऐकून साहेब हसले आणि आमच्याबरोबर गड चढले. वर पोचेपर्यंत घामाघूम. पण काम चोख. वही काढून एकेकाला विचारू लागले, कुठून आलात, गड आवडला का. धरणगावकर खूश होऊन सांगत होते. आबा शेजारी उभे राहून त्यांच्या बोलीचं मराठी करून देत होते.

नवरी तटापाशी उभी होती. खाली बघत होती, गावाकडे. साहेबांनी तिलाही सहज विचारलं, “ताई, तुम्हीपण गड बघायला आलात का?”

ती म्हणाली, “नहीं साहेब. मी तं रोज देखेल शे. आज सोडीसन चालनी.”

साहेबांना कळलं नाही. त्यांनी आबांकडे पाहिलं. दिवसभर पोपटासारखे बोलणारे आबा तोंड फिरवून टाक्याकडे बघत राहिले.

शेवटी नाना म्हणाले, “ती म्हणते, गड मी रोज पाहिलाय. आज सोडून चालले.”

साहेबांनी वही मिटली.

वरात निघाली. नाल्यातल्या दगडधोंड्यांतून नवरीची बैलगाडी हेलकावे खात चालली होती. साहेब तिच्यामागे चालत होते. सडक आली, जीप आली, ड्रायव्हरने दार उघडलं. साहेब बसले नाहीत. गाडी वळणाआड जाईपर्यंत तिथेच उभे राहिले.

पुढच्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आबांची लेक माहेरी आली ती बैलगाडीतूनच, नाल्यातल्या त्याच वाटेने. तेव्हा दोन्ही बाजूंना खडीचे ढीग पडलेले होते.

त्याच्या पुढच्या आखाजीला आली ती मोटारीतून, नव्या डांबरी रस्त्यावरून, थेट लग्नाचा मांडव घातला होता तिथवर. आम्ही सगळे मुद्दाम गेलो होतो. आबा हार घेऊन उभे. ताशे वाजत होते. ती उतरली, कडेवरचं मूल आबांच्या हातात दिलं, पदर खोचला, आणि घराकडे न वळता आधी गड चढायला लागली.