आईच्या गळ्यातली रुपयांची माळ

आई गेली ती भातकापणीच्या दिवसांत. नवापूरच्या पुढे, गुजरातच्या हद्दीला लागून आमचं गाव. प्रार्थना झाली, आईला मातीत ठेवलं, पाहुणे पांगले. मग मोठ्या ताईने आईची पेटी उघडली. आत लुगडी होती, चष्मा होता, पण चांदीच्या जुन्या रुपयांची माळ नव्हती.

ती माळ आजीने आईला दिलेली. आई ती फक्त नाताळात आणि लग्नाकार्यात घालायची. माझ्यामागे ही तुझी, असं ताईला लहानपणापासून सांगायची. ताईचा जीव नुसता चांदीत अडकलेला नव्हता, एवढं मला तेव्हाही कळत होतं.

आईला शेवटची आंघोळ वहिनीने घातली होती. पेटीची किल्लीही तिच्याच कमरेला. ताईने तिला आधी आडून विचारलं, मग भावकीसमोर सरळच विचारलं. वहिनी म्हणाली, “माझ्याकडे नाही.” पुढे ती काही बोलली नाही, आणि त्याचा सगळ्यांनी एकच अर्थ काढला. भाऊही तिच्याशी तुटक वागायला लागला. बाबा ओट्यावर बसून सगळं ऐकत होते.

कापणी उरकल्यावर भाऊ-वहिनी टोळीबरोबर ऊसतोडीला गुजरातेत गेली. पावसाच्या तोंडावर टोळी परतली, ती दोघं मात्र तिकडेच एका मळ्यावर राहिली.

त्या पावसाळ्यात बाबांनी अंथरूण धरलं. मी सासरहून त्यांच्याजवळ येऊन राहिले. एकदा पेज भरवताना माझा हात बाजूला सारून ते म्हणाले, “माळ तुझ्या आईच्याच गळ्यात आहे.”

तापात बरळतात असं वाटलं मला. पण त्यांनी नीट सांगितलं. आईला उघड्या गळ्याने पाठवायला त्यांचं मन होईना. आमच्या जुन्या लोकांत दागिना सोबत देत, पण चर्चमधल्या वडीलधाऱ्यांना ते पटलं नसतं. म्हणून त्यांनी वहिनीला माळ पदराखाली घालायला लावली, आणि कुणाला सांगणार नाही असा शब्द घेतला.

“लोक तिला चोर म्हणत होते, तेव्हा का नाही बोललात?”

“तुम्ही माती उकराल, अशी भीती वाटली,” ते म्हणाले आणि भिंतीकडे वळले.

मी ताईला सांगितलं. ती जेवलीच नाही त्या दिवशी. आम्ही दोघी मळ्यावर गेलो. वहिनीने खाट टाकली, पाणी दिलं, बाबांची चौकशी केली. ताई तिच्या पायाशी वाकली, तर तिने दोन्ही हातांनी तिला उठवलं.

“सांगायचंस तरी,” ताई म्हणाली.

“बाबा बोलतील, याची वाट बघत होते.”

भाऊ दाराशी खाली मान घालून उभा होता. घरी चल, असं ताईने परत परत विनवलं. बाबांना भेटायला येईन, राहायला येणार नाही, असं वहिनीने शांतपणे सांगितलं.

तशी ती आली. बाबांचं डोकं मांडीवर घेऊन बराच वेळ बसली आणि संध्याकाळच्या गाडीने निघून गेली. नाताळाआधी बाबाही गेले. आता घराला कुलूप असतं. ताई आणि मी अधूनमधून जातो, झाडलोट करतो, दार उघडं टाकून जरा वेळ ओट्यावर बसतो.