स्नेहलच्या बाबांचा फोन

हे मी आजवर कुणापाशी बोललेले नाही. नवऱ्यापाशी नाही, टीममधल्या मुलींपाशी तर नाहीच. तुम्हाला का सांगतेय — तेही नीट कळत नाही.

महाळुंग्याच्या एका कंपनीत मी स्टोअरला आहे. फर्स्ट शिफ्ट सुटली की रावेतच्या मैदानावर मुलींची क्रिकेट टीम सांभाळते. सांभाळणं म्हणजे काय असतं, ते मला स्नेहलनं दाखवलं. पुनावळ्याच्या जुन्या शेतकरी घरातली, एकोणीस वर्षांची. तिच्यासारखा चेंडू टाकणारी पोर मी पाहिलेली नाही. आणि तिच्याइतकं डोकं उठवणारीही नाही!

सगळ्या जणी मैदानाला राउंड मारायच्या, ही किटबॅग उशाला घेऊन आडवी. नेट गुंडाळायची वेळ आली की गायब. कुणाचा झेल सुटला की तोंडाचा पट्टा सुरू. काढून टाकू? मग जिंकून कोण देणार? ठेवू? मग बाकीच्यांना काय तोंड दाखवू? तुम्ही काय केलं असतं? — जाऊ द्या. तुम्हाला विचारून मी पळवाट शोधतेय.

एक गोष्ट मात्र आधी सांगायला हवी. प्रॅक्टिस सुटल्यावर सगळ्या घरी जात, स्नेहल मागं राहायची. एकटी. एकच स्टंप रोवून अंधार पडेपर्यंत चेंडू टाकत बसायची. मी स्कूटी काढताना रोज बघायचे. दुसऱ्या कुणाला हे ठाऊक नव्हतं — घाम गाळताना दिसणं तिला कमीपणाचं वाटत असावं.

तर, सेमीफायनल. विकेटकीपर पूनमच्या हातून स्नेहलच्या बोलिंगवर झेल सुटला. पूनमचे वडील लातूरकडचे, चाकणला कामाला. पोर अबोल. तिला सगळ्यांदेखत स्नेहल म्हणाली, "ग्लोव्हज कशाला घातलेत गं, भाकऱ्या थापायला?" पूनमच्या डोळ्यांत पाणी. मी स्नेहलची बोलिंग काढून घेतली, तर ही सरळ बाउंड्रीपाशी जाऊन गवतावर बसली. चालू मॅचमध्ये! शेवटच्या ओव्हरला मलाच तिच्यापुढं हात जोडावे लागले. उठली, पँट झटकली, दोन स्टंप उडवले. जिंकलो. परत येताना मला म्हणते, "बघितलं ना ताई? मी नसते तर?"

त्याच संध्याकाळी तिच्या बाबांचा फोन आला.

"ताई, पोरगी रोज अंधार पडल्यावर घरी येती. एवढा वेळ प्रॅक्टिस चालती व्हय?"

मला काय बोलायचं होतं? 'काका, ती मैदानावरच असते.' एवढंच. पण डोक्यात तिचं ते 'मी नसते तर' घुमत होतं. मी म्हणाले, "नाही काका, प्रॅक्टिस लवकर सुटते. पुढं ती कुठं जाते, मला माहीत नाही."

ते म्हणाले, "बरं झालं सांगितलंत. तुमचं नाव कुठं येऊ द्येत न्हाई."

आठवडाभर ओरडा खाईल, जरा नरम होऊन येईल — असं मी ठरवलं होतं. खरंच? की मला तिला फक्त खाली बघायला लावायचं होतं? ती आली नाही. आणि पहिले काही दिवस — हे सांगताना जीभ अडखळते — मला बरं वाटलं. सगळ्या वेळेवर, कुणाची कटकट नाही. काकांचा पुन्हा एकदा फोन आला. मी स्क्रीनवरचं नाव बघत राहिले. वाजून वाजून बंद झाला. पुनावळं मैदानापासून कितीसं लांब? स्कूटीवर दहा मिनिटं. मी गेले नाही. पुढं कळलं, तिचं लग्न ठरलं.

परवा रावेतच्या भाजीबाजारात ती समोर आली. कडेवर मुलगी. माझ्या हातातली पिशवी आपणहून घेतली. म्हणाली, "तेव्हा मी बाबांना म्हटलं होतं ताई, ताईंना विचारा, मी ग्राउंडवरच असते. त्यांनी फोन लावला, तुम्ही उचलला न्हाई. कामात असाल."

मी मान हलवली. हो, कामात होते — स्क्रीनवरचं नाव बघत बसण्याच्या!

"पूनमनंच घरी काहीतरी लावून दिलं," ती म्हणाली. "मी तिला तसं बोलले होते ना, त्याचा राग. लय वर्षं बोलले न्हाई तिच्याशी. पण आता जाऊ द्या. तिला सांगा ताई, माझ्या मनात काय न्हाई."

तिथंच, त्या गर्दीत, बोलता आलं असतं. एक वाक्य.

"सांगते," मी म्हणाले.

पूनम अजून माझ्याच टीममध्ये आहे. काल प्रॅक्टिसलाही आली होती. मी तिला काहीच सांगितलं नाही.