कणसातला कोरा दाणा

आमच्या ह्यांना, म्हणजे भरतेशना, 'नाही' म्हणता येत नाही. लग्नाला बावीस वर्षं झाली, तेवढं एक सोडून सगळं शिकवून झालं माझं. सांगलीत सासऱ्यांचं पाट्या रंगवायचं दुकान होतं. फ्लेक्स आले आणि ते बसलं. मग ह्यांनी शाळांसाठी देणगीदारांच्या नावांच्या भिंती करायला घेतल्या, नक्षीत नावं गुंफून. हातात कला आहे हो, पण कुणीही यावं, 'माझं नाव जरा वर घ्या' म्हणावं, की हे म्हणणार, "घेऊया की." आणि निस्तरायचं मी.

रहिमतपूरकडच्या एका शाळेचं काम आलं. ह्यांनी भिंतभर जोंधळ्याचं कणीस उभं केलं. एकेक दाणा म्हणजे भाजलेल्या मातीची टाइल, तिच्यावर एकेक नाव, सगळे दाणे सारखे. म्हटलं, आता तरी मानपान मिटेल. कुठलं काय! एकाला भावकीतल्या माणसाशेजारचा दाणा नको, दुसऱ्याला नावापुढं 'सुभेदार' हवंच, तिसऱ्याचा दाणा म्हणे काळपट. हे सगळ्यांना "करूया". तीनदा भट्टी लावली! वैताग नुसता.

त्यात मधोमध एक दाणा कोरा. शाळेवर नवं छप्पर कुणीतरी गुप्तदान म्हणून घातलं होतं. त्या माणसानं ह्यांच्याकडून आणि हेडमास्तरांकडून शब्दच घेतला होता, "माझं नाव कुठंबी यायचं न्हाई." म्हणून त्याचा दाणा तसाच कोरा. ह्यांच्या पोटात काय राहतंय! घरी आल्या आल्या मला सांगितलं आणि वर शपथ घातली.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी शाळा समितीचे अध्यक्ष नानासो भिंत बघायला आले. कोऱ्या दाण्यावर बोट ठेवून म्हणाले, "ही जागा मोकळी कशापायी? आमच्या नातवाचं नाव टाका, पृथ्वीराज."

मी कपाळाला हात लावला. आता हे म्हणणार, "टाकूया की."

पण हे त्या दाण्यासमोर जाऊन उभे राहिले. नानासोंचा आवाज चढला. "टाकायचं नसंल तर काढा तुमची भिंत. फ्लेक्स लावतो आमी."

"काढतो," हे म्हणाले. "सगळी काढतो. पण ह्या दाण्यावर नाव न्हाई." आणि खरंच छिन्नी-हातोडा उचलला की!

पत्रिका गावभर वाटून झालेल्या. नानासो पुटपुटत निघून गेले. मी ह्यांच्या हातातला हातोडा काढून घेऊन पिशवीत टाकला.

दुसऱ्या दिवशी फेटे, शाली, नारळ. बाहेर ऊन रणरणतंय आणि आम्ही सगळे नव्या छपराखाली. जो तो आपल्या दाण्याला बोट लावून फोटो काढून घेत होता. मागं एक म्हातारे अण्णा खुर्च्या लावत होते. त्यांना बघून नानासो माइकवरून म्हणाले, "आवं अण्णा, भिंतीवर तर तुमचं नाव न्हाई. नुसतंच जेवायला आलाय व्हय?"

लोक फिदीफिदी हसले. अण्णाही हसले.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. अहो, हा माणूस ज्याच्या सावलीत उभा राहून बोलतोय, ते छप्पर अण्णांनीच घातलेलं! मी तरातरा उठले. ह्यांनी माझा हात घट्ट धरला.

"कीर्ती, न्हाई."

बावीस वर्षांत मला ऐकवलेलं पहिलं 'नाही'. काय करते, बसले परत खाली.

जाताना अण्णांनी खांद्यावरच्या टॉवेलनं कोऱ्या दाण्यावरची धूळ पुसली आणि पुन्हा खुर्च्या उचलायला लागले. त्यांचं नाव आत्ताही माझ्या अगदी जिभेवर आलंय. पण काय करू, शपथ आहे ना मला!