तिच्या घराचा वरचा मजला

माझ्या मैत्रिणीनं बीदरला घर बांधलं, तेव्हा मला निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं. तिलाही तेवढंच. आम्ही दोघी एकाच दिवशी नोकरीला लागलो, औराद तालुक्यातल्या संतपूरच्या शाळेत. पगार सारखा, बढत्याही थोड्याफार मागेपुढे. म्हणूनच तिचं घर मला सहन झालं नाही. एखाद्या डॉक्टरनं किंवा कंत्राटदारानं बांधलं असतं, तर मी आनंदानं जेवून आले असते.

वास्तुशांतीला आम्ही दोघं नवराबायको भालकीहून बसनं गेलो. घर नव्या वस्तीत होतं. दारात रांगोळी, मांडवात हुग्गीचा, म्हणजे गव्हाच्या खिरीचा, वास. मैत्रिणीनं माझा हात धरून सगळं घर फिरवून दाखवलं. स्वयंपाकघराची खिडकी पूर्वेला, ओट्याच्या बरोबर वर. मी एकोणीस वर्षं भाड्याच्या घरात ज्या ओट्यावर स्वयंपाक करत होते, तिथं दिवसासुद्धा दिवा लावावा लागायचा. मग तिनं जिना दाखवला. "वर दोन खोल्या काढल्यात गं. चांगलं कुणी मिळालं तर भाड्यानं देईन."

मी "छान, छान" म्हणत होते आणि भिंतींना कुठं चीर पडलीय का ते बघत होते. एकही सापडली नाही.

परत येताना बसमध्ये हे म्हणाले, "घर चांगलं बांधलंय हं बाईनं."

"जिना अरुंदय," मी म्हणाले.

त्या वेळी माझी शाळा खटकचिंचोळीला होती. सोमवारी मधल्या सुट्टीत एका शिक्षिकेनं वास्तुशांत कशी झाली विचारलं. मी सांगितलं, छान झाली. मग चहा पिता पिता म्हणाले, "तिच्या प्लॉटच्या लेआऊटचे कागद पक्के न्हाईत म्हणे." असं मला कुणीही म्हटलं नव्हतं. ते वाक्य माझ्या तोंडातून कसं निघालं, मला आजही सांगता येत नाही. पण निघाल्यावर बरं वाटलं, हे मात्र आठवतं. "व्हय?" असं दोघीतिघींनी डोळे मोठे करून विचारलं, तेव्हा तर फारच बरं वाटलं.

त्यानंतर महिनाभरानं आमच्या घरमालकीणबाई वर आल्या. त्यांना आम्ही अक्का म्हणायचो. कन्नड बोलणाऱ्या, पण आमच्याशी मराठीत बोलत. खुर्चीत बसल्या आणि पदराशी चाळा करत म्हणाल्या,

"टीचर, तुमाला जा म्हणायला जीभ वळंना. पण पोरगा हैदराबाद सोडून यायलाय, बायको-लेकरं घेऊन. तुमच्या खोल्यांशिवाय दुसरी जागा न्हाई माझ्याकडं."

सहा महिन्यांची मुदत दिली त्यांनी. त्यांच्यावर रागवायला जागाच नव्हती. एकोणीस वर्षांत त्यांनी आम्हाला कधी काही विचारलं नव्हतं, आणि न विचारणं ही किती मोठी गोष्ट असते, हे मला ठाऊक होतं.

आता प्रश्न पडला, पुन्हा भाड्यानं घर बघायचं की विकत घ्यायचं? हे बस डेपोत क्लार्क होते, दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालेले. त्यांचं म्हणणं सरळ होतं.

"ह्या वयात घर कामून घ्यायचं? लेक बेंगळूरला. ती काय भालकीला राहायला यायची न्हाई. हाती आलेलं सगळं भिंतीत घातलं, तर दवाखान्याला काय ठेवायचं? भाड्यानं राहू. छत गळालं तर मालक बघंल. जमलं न्हाई तर दुसरीकडं जाऊ."

"मला बीदरला घर पायजे," मी म्हणाले. "तिच्याच गल्लीत एक विकायला निघालंय. तिच्यापेक्षा एक खोली जास्तंय."

ह्यांनी चष्मा काढला. "घर कुणासाठी घ्यायलीस? आपल्याला राहायला, का तिला दाखवायला?"

मी उठून आत गेले. खरं उत्तर दोन्ही होतं, आणि दुसरं जास्त.

पण माझ्या मनात आणखी एक गोष्ट होती, ती ह्यांनाही मी नीट सांगितली नव्हती. संतपूरला आम्ही दोघी नोकरीला लागलो, तेव्हा मिळून खोली शोधत होतो. मैत्रिणीला बघून दार उघडायचं. मग माझं आडनाव विचारलं जायचं आणि खोली कालच गेलेली असायची. आमचं घर बौद्ध. आजोबांनी दीक्षा घेतलेली. वडलांनी शिकवलं, नोकरी लागली, पण संतपूरला खोली मिळेना. चौथ्या ठिकाणी म्हातारीनं विचारलं, "ही कोण?" मी तोंड उघडायच्या आत मैत्रीण बोलून गेली, "माझी मावसबहीण."

खोली मिळाली. दोन वर्षं मी त्या घरात तिची मावसबहीण होऊन राहिले. आईनं दिलेल्या दोन तसबिरी ट्रंकेत कपड्यांखाली ठेवल्या. वडील भेटायला येतो म्हणाले, तेव्हा मीच सुट्टी काढून गावी गेले. मैत्रीण मनानं चांगली होती, तिनं मला कधी काही जाणवू दिलं नाही. पण आपण कोण हे सांगताना तिला एकदाही विचार करावा लागायचा नाही, आणि हे बघत मी दोन वर्षं तिच्या शेजारी झोपले. तिच्या घराचा हेवा मला फार उशिरा वाटायला लागला. त्याआधीचा हेवा हा होता.

ह्यांचं मन राखायचं म्हणून आम्ही भाड्याची घरं बघायला लागलो. भालकीतच एक बरं घर सापडलं. मालक निवृत्त अधिकारी, बोलायला फार सभ्य. आम्हाला चहा दिला. मांसाहार करता का, विचारलं. मूळ गाव विचारलं. ह्यांनी सांगितलं, आळंद तालुक्यातलं मादन हिप्परगा. ते हसले. म्हणाले, "अरे वा, आमचे पाहुणे आहेत तिथं. तुमचं घर गावात कुठल्या बाजूला?"

ह्यांनी कप खाली ठेवला आणि बाजू सांगितली. आवाज जराही हलला नाही.

"बरं, बरं. घरात विचारून कळवतो मी."

बाहेर आल्यावर हे बसस्टँडपर्यंत चालत आले. तिथं थांबून म्हणाले, "विकतचंच बघू."

मला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. पण ह्यांचा चेहरा बघून मला रडू आलं.

त्याच आठवड्यात मैत्रिणीचा फोन आला. आम्ही घर शोधायलोय हे तिला कुणीतरी सांगितलं होतं. "कशाला वणवण फिरायलाव? माझ्या वरच्या मजल्यावर या. भाड्याचं नंतर बघू. दोघी एकदमच रिटायर होऊ, सकाळी फिरायला जाऊ."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी तिची भाडेकरू! तिनं खालून वर हाक मारायचीही गरज नाही, मीच तिच्या डोक्यावर चालताना पाय जपून टाकायचे! मी म्हणाले, "परत तुझी मावसबहीण होऊन राहू का?"

मी फोन ठेवला.

पुढच्या रविवारी ती न सांगता भालकीला आली. हे बाजारात गेले होते. ती खुर्चीत बसली, पाणी प्यायली आणि म्हणाली, "तू फोनवर बोललीस ते बरोबर हाय. त्या वेळी मला वाटलं, मी तुझं काम केलं. खोटं मी बोलले अन् गप्प तू बसलीस, दोन वर्षं. हे मला फार उशिरा कळलं. बोलायचं धाडस झालं न्हाई."

तिनं असं बोलल्यावर मला राहवेना. मी खाली बघत सांगितलं, "मी शाळेत तुझ्या घराबद्दल बोलले. कागद पक्के न्हाईत म्हणून. मनानंच रचलं."

"माहीतंय मला."

"कधीपासून?"

"चार दिवसांत आलं माझ्या कानावर. एक भाडेकरू ठरले होते, ते ऐकून मागं फिरले."

"अन् तरी तू मला वरचा मजला देऊ केलास?"

"तू वर असलीस तर मला बरं वाटलं असतं, म्हणून," ती म्हणाली. "राग आला होता. पण तुझ्यावर किती दिवस रागवायचं?"

मी माफी मागितली. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत सगळ्यांसमोर सांगितलं, की ते कागदांचं मी खोटं बोलले होते. सांगताना कान गरम झाले. एवढं करूनही मन हलकं झालं नाही. उलट आता तिच्या घराबरोबर तिच्या मोठ्या मनाचाही हेवा वाटायला लागला. घर एखादवेळी कर्ज काढून घेता येईल. ते मन कुठून आणायचं?

बीदरच्या त्या गल्लीतल्या घराचा नाद मी सोडून दिला. भालकीतच, जुन्या वस्तीत, एका कंपाउंडरचं घर मिळालं. तो वारला होता आणि बायको लेकीकडं राहायला निघाली होती. दोन खोल्या, खाली शहाबादी फरशी, मोरी दाराच्या फार जवळ. दवाखान्यासाठी बाजूला ठेवून जे उरत होतं, त्यात हेच बसत होतं. ह्यांनी कागद तीनदा वाचले. पुरसभेत, म्हणजे नगरपालिकेत, नाव चढवताना कारकुनानं कन्नडमध्ये मालकाचं नाव विचारलं, तेव्हा ह्यांनी माझ्याकडं बोट केलं. मी पूर्ण नाव सांगितलं, आडनावासकट, जरा मोठ्यानंच.

नव्या घरातल्या बुद्धवंदनेला नातेवाईक आले, शाळेतल्या बाया आल्या, अक्काही आल्या. मैत्रीण सकाळच्या पहिल्या बसनं आली आणि स्वयंपाकाला लागली. दुपारी मी तिला घर दाखवलं. दाखवायला फार वेळ लागला नाही. माझं सगळं लक्ष तिच्या चेहऱ्याकडं. मोरी ओलांडून ती पुढं झाली. बुटका दरवाजा बघून नुसतं डोकं वाकवलं.

मग आम्ही मागच्या अंगणात गेलो. तिथं कंपाउंडरनं लावलेलं लिंबाचं झाड होतं, वाकेपर्यंत लगडलेलं. ती झाडाखाली उभी राहिली.

"माझ्याकडं एवढी मोकळी जागा राहिलीच न्हाई बघ," ती म्हणाली. "सगळं बांधूनच घेतलं."

"मग काय," मी म्हणाले, "झाड लावायला जागा ठेवायचीस."

ती हसली. तिनं पदराची ओटी केली आणि मी लिंबं तोडून देऊ लागले. देताना मी तिच्या डोळ्यांत पुनःपुन्हा बघत होते. तिला थोडा तरी हेवा वाटावा, अगदी थोडा, असं मला फार वाटत होतं. पण ती लिंबं मोजत होती, आणि लोणचं घालायला पुरतील का, हे मला विचारत होती.