उंबऱ्याच्या आतली चप्पल

अगं मनीषा, ये इकडं, बस अशी जवळ. निदान हे पत्र वाचताना तरी तो फोन बाजूला ठेव. तेराव्यानंतर फिरकली नाहीस, आणि परवा फोनवरूनच सांगतेस, "थोरली आई, आईची ती घरातली चप्पल टाकून द्या आता." टाक म्हटलं की टाकता येतं होय गं?

तुझी आई शालन, माझी धाकटी जाऊ, गेली त्या सकाळी मी जागी होऊन पडून राहिले होते... स्वयंपाकघरात तिची चप्पल वाजली की मी उठायची. त्या दिवशी वाजलीच नाही. झोपेतच गेली बाई, कुणाला हाक न मारता.

तिचं पाऊल किती दुखायचं, ते तुला पुण्यात राहून कुठलं दिसणार! बोटांच्या मागे तळव्याची जी गादी असते ना, तिथं. "अक्का, फरशीवर पाय टेकला की खडा रुतल्यागत हुतंय बघा," म्हणायची, आणि एका पायावर भार टाकून भाकऱ्या थापायची, बगळ्यासारखी. शेवटी कराडहून तिला सांगलीला नेलं. तिथल्या डॉक्टर मुलीनं मऊ फोमच्या पेटीत तिची पावलं दाबून ठसे घेतले आणि त्या मापाचे, चपलेत बसवायचे तळ करून दिले. दुखऱ्या जागेच्या जरा मागं उंचवटा, म्हणजे पुढचा भार हलका होतो.

पण महिना गेला तरी दुखणं तसंच. परत गेलो, तर मुलगी विचारते, "मावशी, दिवसभर उभ्या कुठं असता?"

"गॅसम्होरं."

"आणि चप्पल?"

"ती उंबऱ्याभाईर!" शालन असं म्हणाली, जणू चप्पल आणखी कुठं असते!

मुलगी हसली. "मग मावशी, आराम चपलेला पडेल, पायाला नाही." घरात वापरायला मागं पट्ट्याची नवी चप्पल घ्या, त्यात हेच तळ बसवा, म्हणाली. परतताना शालन हळूच म्हणाली, "चुलीपाशी पायतान न्यायचं? सासूबाई वरनं बगत असतील." मी म्हणाले, "बगू देत की. त्यांचं पाय काय दुखत नव्हतं? सांगायची सोय नव्हती, एवढंच."

घरात थोरली मी. बाहेरची माती न लागलेली ती चप्पल मीच आत नेऊन ओट्यापाशी ठेवली. शालननं आधी तिला हळदकुंकू लावलं, मगच भीत भीत पाय घातला. हळूहळू दोन्ही पायांवर उभी राहायला लागली. देव्हाऱ्याकडं वळताना मात्र काढायची, शेवटपर्यंत. आणि मला चिडवायची, "रानात न्हाई, बाजारात न्हाई, देवाम्होरं न्हाई. अक्का, ही तर तुमच्यापरास सोवळी!"

तेराव्याला कुणीतरी म्हणालं, गरजूला देऊन टाका. दिली असती गं, पण घालणार कोण? तिच्याच पावलाचा साचा तो. अंगठ्याखाली काळपट खळगा पडलाय. अजून ओट्यापाशीच आहे. भाकरी थापताना मी जराशी सरकून उभी राहते, तिची जागा सोडून...

त्याच फोनवर तूही म्हणालीस ना, चालताना तळव्यात टोचतंय म्हणून? आईसारखं अंगावर काढू नको. तिची चप्पल तुला चालायची नाही, तुझे ठसे तुझेच घ्यावे लागतील. मी नेते सांगलीला. आणि चपलेचं म्हणशील, तर ओट्यापाशी उभी राहून, तिच्याकडं बघून सांग मला टाका म्हणून. ये गं लवकर.